पाण्याच्या लेकी, पाण्याच्या सुना



"बाई, जलपरीला आडनाव असतं का हो?" सहावीतल्या एका मुलीने मधल्या सुट्टीत मला हा प्रश्न विचारला. हल्लीची मुलं पर्सी जॅक्सनच्या जाडजूड पुस्तकांचा फडशा पाडतात आणि मग ग्रीक देवादिकांची सगळी सोयरीक आपल्याला विचारत बसतात. मी शाळेत अर्धवेळ, पण प्रश्न मात्र पूर्णवेळ! मला तो प्रश्न फार आवडला. आडनाव म्हणजे तरी काय? कोणाची लेक, कोणाची सून, एवढंच ना! रात्री ओटा आवरल्यावर जुनी पुस्तकं काढून बसले, आणि पाण्यातल्या बायकांची जी नातीगोती हाती लागली ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

तर आधी ग्रीकांचं घराणं. त्यांचा मूळपुरुष ओशियॅनस, म्हणजे सगळ्या पृथ्वीला वेढून वाहणारी महानदी. त्याची बायको टेथिस. या जोडप्याला तीन हजार मुलगे आणि तीन हजार मुली! मुलगे म्हणजे जगातल्या नद्या, आणि मुली म्हणजे झरे, तळी, ढगातलं पाणी. ख्रिस्तापूर्वी सुमारे सातशे वर्षांपूर्वी हेसिअड नावाचा एक कवी होऊन गेला. त्याने देवांच्या वंशावळीवर काव्यच लिहिलं. त्यात त्याने मुलींची चाळीसेक नावं दिली आणि पुढे हात टेकले. नद्यांबद्दल तो म्हणतो की सगळ्यांची नावं सांगणं माणसाच्या आवाक्यातलं नाही, पण जे लोक ज्या नदीकाठी राहतात त्यांना तिचं नाव ठाऊक असतं. किती खरं आहे, नाही? नकाशात न सापडणारा ओढाही त्या गावच्या बायकांना नावानिशी माहीत असतो.

या तीन हजारांतली एक मुलगी डोरिस. तिचं लग्न झालं समुद्रातल्या नेरिअस नावाच्या म्हाताऱ्या, शहाण्या देवाशी. त्यांना पन्नास मुली झाल्या, त्या नेरीड. म्हणजे बापाच्या नावावरून आडनाव लागलं बरं का! ओशियॅनसच्या त्या ओशियॅनिड, नेरिअसच्या त्या नेरीड. झऱ्या-विहिरींवर राहणाऱ्या त्या नायाड, आणि त्या बहुतेक आपापल्या गावच्या नदीच्या लेकी. या सगळ्यांना मिळून ग्रीक म्हणायचे निम्फ. आता गंमत पाहा. ग्रीक भाषेत या शब्दाचा दुसरा अर्थ आहे नवरी मुलगी! लग्नाला आलेली, किंवा नुकतंच लग्न झालेली. अथेन्समध्ये नवरीच्या न्हाणासाठी एका ठरावीक झऱ्याचं पाणी आणायची रीत होती. आपल्याकडे हळदीच्या अंघोळीला सुवासिनी वाजतगाजत विहिरीचं पाणी आणायच्या, त्यातलंच हे.

ग्रीकांच्या नद्या पुरुष आहेत, हे लक्षात ठेवा. नदी हा बाप. शिंगं असलेला, कधी बैलाचं रूप घेणारा, रागीट. आणि त्याच्या घरात लग्नाच्या मुली. मग व्हायचं तेच झालं. अ‍ॅसोपस नावाच्या एका नदीच्या मुलींची कथा वाचताना मला तर हसावं की रडावं कळेना. कोणी म्हणतं त्याला बारा मुली, कोणी म्हणतं वीस. या मुली एकामागून एक देवांनी पळवल्या. जिला जिथे नेली त्या जागेला तिचं नाव पडलं. सॅलॅमिस, कॉर्सायरा ही बेटं आणि थीबी हे शहर ही सगळी एका बापाच्या मुलींची नावं.

त्यातली एजायना देवराज झ्यूसने नेली. बाप बिचारा गावोगाव शोधत फिरतोय. कॉरिंथचा राजा सिसिफस याला सगळं माहीत होतं, पण तो फुकट कशाला सांगेल? त्याचा किल्ला उंच डोंगरावर, वर पाण्याचा थेंब नाही. तो म्हणाला, "माझ्या किल्ल्यावर झरा काढून देत असशील तर सांगतो." आणि नदीने झरा दिला! लेकीच्या पत्त्यासाठी पाणी. सिल्व्हर पार्कला टँकरची वाट पाहून पाहून मान दुखलेल्या आम्हा बायकांना या राजाचा राग येत नाही, खरं सांगते. झ्यूसला मात्र आला. अ‍ॅसोपसवर विजा टाकून त्याला त्याच्या पात्रात परत पाठवलं, आणि सिसिफसला पाताळात दगड चढवत बसवलं. तो दगड वर पोचत आला की पुन्हा खाली येतो, ते आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहेच. (घरकामाचंही तसंच, असं म्हणायचा मोह होतोय, पण ते असो.)

मला आवडली ती यांची बहीण सिनोपी. झ्यूस तिच्याही मागे लागला. लाडात येऊन म्हणाला, "मागशील ते देईन." ती म्हणाली, "मग मला कुमारिकाच राहू दे." झाला की नाही शब्दात अडकून! पुढे आणखी एका देवाला आणि एका नदीलाही तिने याच युक्तीने वाटेला लावलं. तुर्कस्तानात काळ्या समुद्राच्या काठी सिनोप नावाचं शहर आजही आहे.

आणि एजायनाचं पुढे काय झालं? तिला मुलगा झाला ईअ‍ॅकस, त्याचा मुलगा पीलिअस. या पीलिअसचं लग्न थेटिसशी झालं, ती पन्नास नेरीडांतली एक. (टेथिस आजी, थेटिस नात. नावं सारखी म्हणून गोंधळू नका.) लग्न तिच्या मनाविरुद्ध होतं. तिचा मुलगा बापापेक्षा थोर होणार असं भाकीत होतं, म्हणून देवांनी भिऊन तिला एका मर्त्य माणसाच्या गळ्यात बांधलं. ती आग झाली, पाणी झाली, सिंह झाली, साप झाली, पण पीलिअसने हात सोडला नाही. लग्नाला सगळ्या देवांना बोलावणं गेलं, फक्त भांडणाच्या देवीला वगळलं. तिने मांडवात सोन्याचं सफरचंद टाकलं आणि त्यातून पुढे ट्रॉयचं युद्ध पेटलं. लग्नात एकाचा मानपान राहिला की काय होतं, हे ग्रीकांनाही ठाऊक होतं म्हणायचं!

थेटिसला मुलगा झाला, तोच अकिलीस. त्याला अमर करावं म्हणून ती रात्री त्याला आगीत धरायची, त्याचं मर्त्यपण जाळायची. एका रात्री नवऱ्याने पाहिलं आणि किंचाळला. ती मूल तिथेच ठेवून समुद्रात बहिणींकडे निघून गेली. वाचताना तुम्हाला कोण आठवलं? मला तर लगेच आपली गंगा आठवली. शंतनूने सात मुलं पाण्यात सोडताना पाहिली, आठव्याला "नको" म्हणाला, आणि शब्द मोडला म्हणून गंगा निघून गेली. इथे आग, तिथे पाणी. पण बाई तीच. तिच्या मनात काय आहे ते तिने सांगितलेलं नाही, नवऱ्याने न राहवून विचारलं, आणि संसार संपला. नंतरच्या कथेत थेटिस बाळाला टाच धरून स्टिक्स नदीत बुडवते, ती आपल्याला जास्त माहीत. ही स्टिक्स कोण, तर ओशियॅनसची थोरली लेक, डोरिसची बहीण, म्हणजे थेटिसची सख्खी मावशी! मावशीच्या पाण्यात लेकराला न्हाऊ घातलं आणि हाताखालची टाच तेवढी कोरडी राहिली.

आता घरी या. आपल्या अप्सरा कोण? 'अप्' म्हणजे पाणी, पाण्यातून सरणाऱ्या त्या अप्सरा. वाल्मीकी रामायणात सांगितलंय की समुद्रमंथनातून साठ कोटी अप्सरा निघाल्या, आणि देव किंवा दानव कोणीच त्यांचा स्वीकार केला नाही. म्हणून त्या सगळ्यांच्या झाल्या. म्हणजे कोणाच्याच नाहीत. काही पुराणांत त्यांना कश्यपाच्या मुली म्हटलंय खरं, पण 'कोणी पत्करल्या नाहीत' हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. आणि तरी कुरुवंशाची वंशावळ मांडून बसा, जागोजागी याच बायका निघतात! पुरूरव्याची उर्वशी, तीही तळ्यात पाणपक्ष्यांच्या रूपात पोहताना त्याला पुन्हा भेटलेली. मेनकेची शकुंतला आणि तिचा भरत. आणि अद्रिका नावाची अप्सरा शापाने यमुनेत मासळी झाली, तिच्या पोटची सत्यवती. तीच मत्स्यगंधा, वसंत कानेटकरांनी १९६४ मध्ये जिच्यावर नाटक लिहिलं ती. कोळ्याच्या घरी वाढलेली ही मुलगी हस्तिनापूरची राणी झाली. व्यास तिचे, आणि धृतराष्ट्र, पांडू हे व्यासांचे. म्हणजे सगळे कौरव-पांडव एका मासळीच्या खापरपणतवंडांत मोडतात! गंगेचा मुलगा भीष्म ब्रह्मचारी राहिला, वंश चालला तो मत्स्यगंधेचा. पण नाव लागलं शंतनूचं.

आमच्या सासरी एक वंशावळ आहे. जुन्या कागदावर, झाडासारखी काढलेली, आठ पिढ्यांची. सगळी नावं पुरुषांची. एका फांदीपुढे तर 'निर्वंश' असं लिहिलंय, आणि त्या घरात चार मुली होत्या हे मला चुलत सासूबाईंनी सांगितलं. बायकांची नावं टिकायची तरी कशी? लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं की जुनं संपलं. आमच्या आजीला सगळे सरस्वती म्हणत, तिचं माहेरचं नाव द्वारका होतं हे ती गेल्यावर कळलं. दोन हजार वर्षांपूर्वी याच महाराष्ट्रात सातवाहन राजे आईचं नाव लावत, गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्री या राजमातेचा लेख अजून वाचता येतो. मग मधेच कुठे गेली ही चाल? आता सरकारनेच १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घालायला लावलंय. मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आमच्या शिक्षिकांच्या खोलीत यावर बरीच चर्चा झाली. एक बाई म्हणाल्या, "फॉर्मवर जागा पुरत नाही." मी म्हटलं, "इतकी वर्षं आपली नावं कुठेच नव्हती, तेव्हा जागा पुरत होती."

वारसाच्या कामासाठी तलाठ्याकडे वंशावळ द्यायची वेळ आली तर मुलींची नावं त्यात आहेत की नाहीत ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, बरं का. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे, आणि महाराष्ट्रात तर त्याआधी, १९९४ मध्येच या वाटेवर पाऊल पडलं होतं. तो हक्क सोडायचा की ठेवायचा ते तुम्ही ठरवा, पण कागदावर नावच नसेल तर ठरवायचं काय?

असो. अप्सरांकडे येऊ. खेड्यातल्या बायकांच्या तोंडी घासून घासून अप्सरेची झाली आसरा. साती आसरा, कुठे कुठे मावलाया. विहिरीच्या कडेला, ओढ्याच्या वळणावर, डोहापाशी शेंदूर लावलेले सात दगड तुम्ही पाहिले असतीलच. त्यांची नावंही आहेत, पण घेतो कोण? मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा आणि मकरी. मासोळी, कासवीण, खेकडी, बेडकी, मगर असा सगळा पाण्यातला गोतावळा त्यात दिसतो. ग्रीक बहिणींसारखे बाप-नवरे यांना नाहीत, बेटं-शहरंही यांच्या नावाने नाहीत. काही गावांत शेजारी म्हसोबाचा दगड असतो, तो त्यांचा राखणदार भाऊ समजतात, तेवढंच माहेर. अ‍ॅन फेल्डहाऊस या अमेरिकन विदुषीने महाराष्ट्रातल्या नद्यांवर आणि स्त्रियांवर 'वॉटर अँड वुमनहूड' हे पुस्तक १९९५ मध्ये लिहिलं. परक्या देशातून येऊन आपल्या ओढ्यानाल्यांवरच्या या सात बायकांची त्यांनी विचारपूस केली, याचं मला कौतुक वाटतं.

आणि नद्या? आपल्या नद्या बहुतेक सगळ्या बायकाच. याची एक कथा महाबळेश्वरला सांगतात. ब्रह्मदेवाने यज्ञ मांडला. सावित्रीला यायला उशीर झाला. मुहूर्त टळेल म्हणून गायत्रीला पत्नीच्या जागी बसवून यज्ञ सुरू केला. सावित्री आली आणि पाहते तर काय, आपल्या पाटावर दुसरी! तिने भर मांडवात देवांना शाप दिला, "तुम्ही नद्या व्हाल." विष्णूची झाली कृष्णा, शंकराची वेण्णा, ब्रह्मदेवाची कोयना. म्हणजे ग्रीकांकडे नदी हा बाप, आणि आपल्याकडे एका बायकोच्या संतापाने तीन मोठे देव बाई होऊन वाहू लागले! तिथल्या पंचगंगेच्या देवळात या नद्यांचे उगम दाखवतात. भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी येते असंही सांगतात. कृष्णा, वेण्णा, कोयना पूर्वेला उतरल्या. वेण्णा कृष्णेला साताऱ्याजवळ माहुलीला भेटते, कोयना कऱ्हाडला. सावित्री मात्र कडा उतरून पश्चिमेला गेली ती थेट बाणकोटला समुद्रात. अजून राग गेला नाही म्हणायचा!

वाईला तर कृष्णेचं सगळं घरच्या माणसासारखं. थंडीच्या शेवटी घाटाघाटांवर कृष्णाबाईचा उत्सव होतो, मांडव पडतो, देवीची मूर्ती बसते, बायका ओटी भरतात. गुरू कन्या राशीत आला की गंगा कृष्णेच्या घरी पाहुणी येते. गेल्या खेपेला, २०१६ मध्ये, कन्यागत झालं होतं. बहीण बारा वर्षांनी आली तर वर्षभर राहते, आणि आपण चार दिवसांत 'दूधवाला, गॅस, मुलांची परीक्षा' म्हणत परत येतो.

आमच्या मीरा-भाईंदरला कसली आली नदी, असं तुम्ही म्हणाल. आमच्याकडे खाडी आणि मिठागरं. पण आमच्या नळाला वर्षानुवर्षं जे पाणी येत आलंय, स्टेमचं आणि एमआयडीसीचं, त्याचं मूळ उल्हास नदी आणि तिची उपनदी बारवी. आणि भाईंदरच्या उत्तरेला गाडीच्या पुलाखालून जी वसईची खाडी दिसते, तीही उल्हासच, समुद्राला मिळताना खारट झालेली. म्हणजे एकच बाई आमच्याकडे दोन वाटांनी येते. पाइपातून गोडी होऊन, खाडीतून खारी होऊन. हे कळल्यापासून लोकलमधून पूल ओलांडताना मी तिच्याकडे जरा ओळखीने पाहते.

आता हे सगळं आजच सांगण्याचं खरं कारण. आमच्या मजल्यावर एक वहिनी आहेत, वाईकडच्या. त्यांची सून बाळंत होऊन महिना झाला होता. बाळ छान, पण सून रात्ररात्र जागी, बाळ झोपलं तरी ही टक्क उघड्या डोळ्यांनी बसलेली. मधेच रडते, विचारलं तर "काही नाही" म्हणते. गावाहून फोनवर एका वडीलधाऱ्या बाईंनी निदान केलं, "आसरांची ओटी राहिलीय. त्या लागल्यात. पाण्याला नेल्याशिवाय उतरणार नाही." त्यांच्याकडे सव्वा महिन्याने बाळंतिणीने विहिरीवर जाऊन ओटी भरायची रीत. आणि गावची ती विहीर रस्तारुंदीत बुजलेली! वहिनी माझ्याकडे आल्या त्या रडवेल्या होऊन. "विहीरच नाही, तर मी हिला नेऊ कुठे?"

आसरा लागणं हे तुम्ही ऐकलं असेल. भर दुपारी, तिन्हीसांजेला डोहावर जाऊ नये. नव्या नवरीने, बाळंतिणीने, पोरासोरांनी तर नाहीच. आसरा ओढून नेतात. ग्रीकांकडे थेट हेच होतं, आणि हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. हायलस नावाचा देखणा मुलगा झऱ्यावर घागर भरायला गेला, नायाडांनी त्याला हात धरून पाण्यात ओढलं. निम्फांनी 'धरलेल्या' माणसासाठी ग्रीक भाषेत वेगळा शब्दच होता. अथेन्सजवळच्या एका गुहेत अशा एका माणसाने, अडीच हजार वर्षांपूर्वी, स्वतःचं नाव आणि स्वतःची आकृती कोरून ठेवली आहे. त्या जागेचं नाव चक्क वारी! पुढे ग्रीक लोक ख्रिस्ती झाले, देव बदलले. पण खेड्यातल्या बायकांनी नेरीडांना सोडलं नाही. त्यांची झाली नेराइडा, जशी आपल्या अप्सरेची आसरा झाली. भर दुपारी झऱ्यावर जाऊ नये, नेराइडा धरतात. बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला जपावं. अगदी आपल्या आजीचंच बोलणं!

इतक्या लांबच्या दोन देशांत बायका एकाच वेळेला, एकाच जागी, एकाच बाईसाठी घाबरत होत्या. मला वाटतं यात भुताखेतापेक्षा अनुभव जास्त आहे. ओली बाळंतीण विहिरीवर गेली की चक्कर यायची, काठावरून तोल जायचा. पाणी दूषित असायचं. बाळंतरोगाने बायका जायच्या. आणि काहींचं मन त्या दिवसांत इतकं काळवंडायचं की त्या स्वतःच विहीर जवळ करायच्या. त्याला नाव नव्हतं, म्हणून 'आसरा लागल्या'.

आज त्याला नाव आहे. बाळंतपणानंतर पहिले आठ-दहा दिवस रडू येणं, हळवं होणं बऱ्याच जणींना होतं आणि ते आपोआप ओसरतं. पण दोन आठवड्यांवर गेलं, झोप उडाली, बाळाजवळ जावंसं वाटेना, जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आला, किंवा नसलेलं काही दिसू-ऐकू येऊ लागलं, तर डॉक्टरकडे न्यायचं, आणि यातली शेवटची दोन असतील तर त्याच दिवशी, तिला क्षणभर एकटं न सोडता. अंगात ताप, जास्त रक्तस्राव, घाण वास, डोकं फुटेल इतकं दुखणं, तेव्हाही थांबायचं नाही. सरकारची टेली-मानस ही मनाच्या दुखण्यासाठीची फुकट फोनसेवा आहे, नंबर १४४१६. आणि कोणी 'बाहेरचं' उतरवायच्या नावाखाली मारहाण, कोंडणं, धुरी असलं काही सुचवलं तर सरळ सांगा की महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

वहिनींना मी आधी सुनेला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. औषध सुरू झालं, रात्रीचं एक दूध बाटलीतून द्यायला सांगितलं. त्या वेळेला मुलगा उठू लागला, सुनेला सलग चार-पाच तास झोप मिळू लागली. दोन-तीन आठवड्यांत चेहरा जरा माणसात आला. तिच्या आईलाही बोलावून घेतलं. ग्रीक गोष्टींतली बाई फार झालं की बापाच्या नाहीतर बहिणींच्या पाण्यात परत जायची. आपल्या मुलींना त्या वेळी माहेर मिळालं तर निम्मं काम होतं.

आणि ओटी? ओटी भरायला माझी ना नाही. सुनेच्याच मनात होतं, आणि वहिनींच्या जिवाला तिची टोचणी होती. तर त्यांनी काय केलं ते सांगते, कोणाला उपयोगी पडेल. स्वयंपाकघरात पाण्याच्या माठाशेजारी पाट मांडला. माठ आणि गाळणी आदल्या दिवशी स्वच्छ घासून घेतली. पाटावर तांदळाची रास, त्यावर पाण्याचा तांब्या, पुढे सात खडे धुऊन हळदीकुंकू लावून ठेवले. सातींची नावं माझ्याकडून चिठ्ठीवर लिहून नेली होती, ती सुनेने वाचली. जतुपीला अडखळली आणि हसली. नैवेद्य दहीभाताचा, सात छोटे घास. ओटीला खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, नारळ, हिरव्या बांगड्या.

सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीवर ओटी भरायची कोणाच्या मनात असेल तर हळदीकुंकू झाकणाच्या बाहेर, तेही थोडंसं, आणि नंतर पुसून घ्यायचं. टाकीत काही सोडायचं नाही. पिण्याचं पाणी आहे ते, साऱ्या सोसायटीचं. खाडीवर, नदीवर गेलात तरी बांगड्या, फणी, प्लॅस्टिकची पिशवी पाण्यात टाकू नका. नारळ फोडून वाटा. खण शिवता येईल असा, निदान ऐंशी सेंटिमीटर आणि सुती घ्या. वहिनींनी तो सुनेची मालिश करायला येणाऱ्या बाईंना दिला. त्यांनी पुढच्याच आठवड्यात त्याचं पोलकं शिवून घातलं, आणि खाली टँकर आल्याचा पुकारा झाला तेव्हा त्याच पोलक्यात आमच्यासोबत रांगेत उभ्या होत्या.